तो फोटॉन एकच होता, हे कशावरून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, टिपणारे अतिवाहक डिटेक्टर बनवते म्हटलं, की हा प्रश्न येतोच: एकच होता, दोन नव्हते, हे कशावरून?

आधी डिटेक्टरमधली तार बघा. निओबियम नायट्राइडचा जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचा थर आणि त्यात कोरलेली सुमारे 100 नॅनोमीटर रुंदीची नागमोडी तार. 2-3 केल्विनला, म्हणजे उणे 270 अंश सेल्सियसच्या आसपास, तिच्यातून वीज विनारोध वाहते. हा प्रवाह आम्ही तारेला पेलवेल त्या मर्यादेच्या अगदी अलीकडे आणून ठेवतो. फोटॉन शोषला गेला की तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फुटतात, अतिवाहकता मोडते आणि एकाएकी हजारो ओहमचा रोध उभा राहतो. प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरकडे वळतो, पडद्यावर एक टोकदार पल्स उमटते. काही नॅनोसेकंदांत तार पुन्हा तयार.

पण एक फोटॉन आला काय नि दोन आले काय, साध्या मांडणीत पल्स जवळपास सारखीच दिसते. म्हणून लेसर इतका मंद करायचा, की त्याच्या दर झोतात सरासरी एक फोटॉनही उरू नये. मग प्रकाश दहापट घटवला आणि मोजणीही दहापटच घटली, तर एकटा फोटॉन पुरतो आहे. दोन लागत असते, तर मोजणी शंभरपट घसरली असती. 2001 मध्ये ग्रेगरी गोल्ट्समन आणि सहकाऱ्यांनी अशा तारेवर हेच दाखवलं. आलेखावरच्या नुसत्या उतारावरून हे कळतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

खरा छळ पुढे. लेसर बंद, तरी मोजणी चालूच! याला डार्क काउंट म्हणतात. 2023 च्या डिसेंबरात नासाच्या सायकी या अंतराळयानाने 3.1 कोटी किलोमीटरवरून लेसरने व्हिडिओ पाठवला, तो कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीवर अशाच तारांनी टिपला. इतक्या क्षीण प्रकाशात खोटी मोजणी मिसळली, तर संदेशच बुडेल.

माझ्या मोजणीत मी तारेलाच दोष देत राहिले. चिप बदलली, प्रवाह उतरवला. दोषी निघालं ऑप्टिकल फायबर: त्याचं एक टोक उबदार खोलीत होतं, आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूतून निघणारी उष्णतेची किरणं त्यातून थेट तारेपर्यंत पोचत होती. थंड भागातल्या फायबरला घट्ट वेटोळे दिले. या उष्णतेच्या किरणांसारखा लांब तरंगलांबीचा प्रकाश असल्या वळणांवर बाहेर निसटतो. मग लेसर बंद करून काउंटरसमोर बसले. आकडा बराच वेळ हलला नाही.