बोडोनी फॉन्ट, ताईचं दुकान आणि छपाई : माझा अनुभव

ताईने नौपाड्यात साड्यांचं दुकान काढलं तेव्हा कार्ड, पिशव्या, बोर्ड सगळं डिझाइन माझ्याकडे आलं, आणि फॉन्ट बोडोनीच्या जातीतलाच घ्यायचा हे माझं पक्कं होतं. उभ्या दांड्या भरदार आणि आडव्या रेषा केसाएवढ्या, भारी साडीच्या दुकानाला हा रुबाब शोभतोच! इटलीत पार्माला बोडोनी या मुद्रकाने आणि पॅरिसमध्ये दिदो या मुद्रकांच्या घराण्याने अठराव्या शतकाच्या शेवटी हे वळण घडवलं, कागद गुळगुळीत झाला होता, छपाई सुधारली होती म्हणून इतक्या नाजूक रेषा उमटू शकल्या. व्होग या फॅशन मासिकाचं नाव याच जातीच्या अक्षरांत असतं.

पण आधी मराठीचं बघायचं होतं. महाराष्ट्राच्या दुकानं-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर नाव देवनागरीत लागतंच आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. मला तर ते मोठंच हवं होतं. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन हा फॉन्ट घेतला, गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही एकाच ढंगाचे, जाड तिथे चांगलंच जाड आणि बारीक तिथे एकदम बारीक. हेडिंगलाच वापरायचा हं, मजकुराला नाही.

खरी कसोटी कार्डाची. मरून बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं, प्रूफ (छपाईचा नमुना) आलं तर पत्त्याच्या ओळीत इंग्रजी ई आणि एच च्या आडव्या रेषा शाईने बुजलेल्या, नुसत्या दांड्या उभ्या. प्रेसवाले काका मला म्हणाले, "चार कलरमध्ये एवढं बारीक रिव्हर्स, म्हणजे गडद रंगात पांढरं, नाही राहत, चारही रंगांच्या प्लेटा तंतोतंत बसायला लागतात. आउटलाइन द्या थोडी." पण आउटलाइनने दांड्याही फुगतात, अक्षराचा सगळा तोल जातो, ते मला नकोच होतं. मग इंग्रजीला बोडोनी मोडा हा फॉन्ट घेतला, त्यात ऑप्टिकल साइज आहे, म्हणजे ६ पॉइंटला त्याच अक्षराच्या बारीक रेषा आपोआप दणकट होतात आणि ९६ ला परत नाजूक. दुकानाचं नाव मोठ्या साइजचं, खालची ओळ लहान साइजची, पत्ता-फोन सरळ मुक्ता या साध्या फॉन्टमध्ये, आणि अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार) फाइल दिली. पुढचं प्रूफ स्वच्छ आलं, काकांनी स्वतः भिंग लावून दाखवलं.

बोर्डवाल्याकडे वेगळंच. इंग्रजी अक्षरं अॅक्रिलिकमध्ये सुटी कापली तर बारीक जोड तुटणार म्हणाला, म्हणून ती मागच्या शीटवर चिकटवली. मराठी नाव मात्र शिरोरेषेमुळे एकसंध निघालं, अनुस्वाराचं टिंब तेवढं वेगळं. काय देखणं दिसतंय ते!

आता पिशव्यांचं चाललंय. क्राफ्ट पेपरवर शाई पसरते, त्यामुळे तिथे नुसतं मराठी नाव मोठ्ठं, इंग्रजी काढून टाकलंय.