फॉर्ममधला एक प्रश्न

हिंगणघाटला माझे सहलींचे बुकिंग करून देणारे लहानसे कार्यालय आहे. कापसाची वेचणी आटोपली आणि चणा घरात आला की आसपासच्या गावांतली शेतकरी कुटुंबे येऊ लागतात आणि बहुतेकांना तिरुपती किंवा जगन्नाथपुरी हवी असते. म्हणूनच गेल्या जानेवारीत समुद्रपूर तालुक्यातले दोन सख्खे भाऊ आपापल्या पत्नींसह आले आणि धाकट्याने मोबाइलवर प्रवाळांचा व्हिडिओ दाखवून "भाऊ, आमाले हे पाण्यात उतरून पाह्याचं आहे," असे सांगितले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

बेत अंदमानचा ठरला. नागपूरहून कोलकातामार्गे विमान, पोर्ट ब्लेअरहून बोटीने हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, आणि तिथे पाठीवर हवेची टाकी लावून, प्रशिक्षकाच्या हाताला धरून पहिलीवहिली डुबकी, जी १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत आणि जिच्यासाठी पोहता येण्याची अट सहसा नसते. थोरल्या भावाला सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहायची होती. ती मी मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवली. डुबकीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो आणि विमानात हवेचा दाब कमी असल्याने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून शेवटची डुबकी आणि विमान यांच्यात मी पूर्ण २४ तास मोकळे ठेवतोच.

राहिला होता डुबकीआधी भरायचा आरोग्याचा फॉर्म. तो इंग्रजीत असतो आणि अनेक ठिकाणी बोटीवर चढता चढता सगळीकडे "नाही" लिहून सही घेतली जाते. मी तो इथेच, एकेक प्रश्न मराठीत वाचून भरून घेतो. दमा, फिट, कानाचे ऑपरेशन, हृदयविकार, सगळ्यांना धाकट्याचे उत्तर "नाही जी" असे होते. छातीचे ऑपरेशन किंवा फुफ्फुस बसल्याचा, म्हणजे आकसून मिटल्याचा, प्रश्न आला, तेव्हाही तो तेच म्हणाला. पण त्याच्या पत्नीचा चेहरा बदलला. "यायच्या छातीत नळी टाकली होती नं, लग्नाच्या आधी," ती हळूच म्हणाली.

चौकशी केल्यावर कळले, की एकोणिसाव्या वर्षी वावरात उभ्याउभ्याच त्याला अचानक धाप लागली होती, एका बाजूचे फुफ्फुस आपोआप बसले होते आणि नळी घालून छातीतली हवा काढावी लागली होती. "ते जुनं झालं. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दिवसभर फिरतो मी," तो म्हणाला. ते खरेच होते, परंतु इथे प्रश्न ताकदीचा नव्हता.

मी त्याला त्याच्याच विहिरीचे उदाहरण दिले. सुमारे ३३ फूट, म्हणजे १० मीटर पाण्याखाली दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि टाकीतून मिळणारी हवाही त्याच दाबाची असते. ती छातीत अडकून राहिली आणि माणूस वर आला, तर तिचे आकारमान दुप्पट होते. निरोगी माणूस श्वास सोडत वर येतो, म्हणून ती निघून जाते. पण एकदा आपोआप बसलेल्या फुफ्फुसात अनेकदा हवेचे नाजूक फुगे उरलेले असतात आणि त्यांतून हवा सुटेलच असे नाही. फुगा फुटला तर फुफ्फुस पुन्हा बसते, हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंतही जाऊ शकते, आणि हे सारे घडते ते दवाखान्यापासून दूर, समुद्रात.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने डोक्यावर हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालण्याबद्दल विचारले. तिथेही दाबाखालचीच हवा असते, त्यामुळे मला तेही नाकारावे लागले, आणि ते सांगताना माझा जीव जड झाला, कारण या सहलीची ओढ सर्वांत जास्त त्यालाच होती. तरी पक्का निर्णय डॉक्टरांचा असावा म्हणून मी त्याला नागपूरच्या छातीरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले.

आठवड्याने त्याचा फोन आला. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाच्या टोकाला दोन फुगे दिसले होते आणि डॉक्टरांनी डुबकीला कायमची मनाई केली होती. मी त्याच्यासाठी काचेच्या तळाची बोट धरली, कारण तिच्यात माणूस पाण्याच्या वरच असतो आणि खालचे प्रवाळ दिसतात.

"बाकीच्या तिघायची डुबकी राहू द्या," तो म्हणाला, "अन् ते वर येतील तवा मी बोटीवर पाहिजे, तेवढं जमवा."

त्याप्रमाणे मी डुबकीच्या बोटीवर त्याच्यासाठी चौथी जागा घेतली.