तुम्ही विचारलंत म्हणून: एका हातात तलवार, दुसऱ्या हातात काय?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात पुढे उभं राहून लढणारं आणि स्पेलही (जादूचे मंत्र) टाकणारं कॅरेक्टर बांधलं, की ते दोन्हीकडे कच्चं का राहतं, हा प्रश्न सारखा येतो. पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम आणि फाइटर (लढवय्या) क्लासमधला जादू शिकलेला प्रकार, एल्ड्रिच नाइट, धरून सांगायला सगळ्यात सोपं जाईल.

बहुतेक जण स्पेल स्लॉट, म्हणजे किती स्पेल टाकता येतील तो साठा, मोजत बसतात. टंचाई खरं तर ॲक्शनची असते. टर्नला (आपल्या पाळीला) एक ॲक्शन, जमलं तर एक बोनस ॲक्शन आणि पुढची टर्न येईपर्यंत एक रिॲक्शन (घडलेल्या गोष्टीला लगेच दिलेलं उत्तर), एवढंच हातात असतं. तलवारीलाही ॲक्शन लागते आणि बहुतेक स्पेललाही. म्हणून स्पेल निवडताना तो माझी ॲक्शन खातो का, हे आधी बघा, डॅमेज नंतर.

आकड्यांपासून सुरू करू. पॉइंट बायच्या (गुण मोजून क्षमतांचे आकडे विकत घ्यायच्या पद्धतीच्या) २७ गुणांत स्ट्रेंग्थ १५, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स १४, डेक्स्टेरिटी १०, विस्डम १०, करिझ्मा ८ बरोबर बसतं. साध्या ह्यूमनचा प्रत्येकी +१ धरला की स्ट्रेंग्थ १६ होते. इंटेलिजन्सचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) मात्र +२ वरच राहतो, म्हणजे लेव्हल ३ ला स्पेल सेव्ह डीसी (स्पेलपासून वाचायला समोरच्याने फाशावर गाठायचा आकडा) ८ + प्रोफिशियन्सीचे (प्रावीण्याचे) २ + मॉडिफायरचे २ = १२. समोरच्याने सेव्ह हरावा लागतो असे स्पेल या डीसीवर वाया जातात. त्यामुळे ज्यांना डीसीही लागत नाही आणि अटॅक रोलही नाही, असेच स्पेल घ्या. शील्ड (एसी, म्हणजे तुम्हाला वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, पुढच्या टर्नपर्यंत ५ ने वाढवतो) आणि ॲब्सॉर्ब एलिमेंट्स (आग, थंडी अशा हल्ल्याचा मार कमी करतो) हे दोन्ही रिॲक्शनवर चालतात, ते पहिले. तिसरा स्पेल कुठल्याही स्कूलचा (जादूच्या शाखेचा) चालतो, तिथे फाइंड फॅमिलियर (सोबती प्राणी बोलावणारा) घ्या. एल्ड्रिच नाइटला रिच्युअल कास्टिंग (स्लॉट न खर्चता स्पेल टाकणं) नसल्याने त्याला एक स्लॉट आणि एक तास जातो, पण लढाईच्या आदल्या रात्री उरलेला स्लॉट त्यावर घालवला तर काहीच बिघडत नाही. घुबड निवडा. ते उडत येऊन हेल्प करतं आणि ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निघून जाणाऱ्यावर रिॲक्शनने केलेला वार) न खाता निघून जातं. तुमच्या पहिल्या वाराला ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरायचा) मिळतो.

आता हातांचं. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल असेल तर शील्ड स्पेल टाकताच येत नाही, कारण त्याला हाताच्या खुणा लागतात आणि हात मोकळा नाही. शत्रूच्या टर्नमध्ये तलवार म्यान करायची सोयही नसते. यावर दोन उपाय आहेत. एक, लेव्हल ४ ला वॉर कास्टर फीट (जास्तीचं खास कौशल्य), म्हणजे हत्यार-ढाल धरूनही खुणा करता येतात. दुसरा, दोन हातांची तलवार: वार करतानाच दोन्ही हात लागतात, बाकी वेळ एक हात सोडून स्पेल टाकता येतो. फीट वाचतं, पण ढालीचा +२ जातो. पुढे उभं राहणाऱ्यासाठी मी ढाल आणि वॉर कास्टरच सुचवेन. कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेलवरचं लक्ष) टिकवायलाही त्यात ॲडव्हान्टेज आहे आणि फाइटरला कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी असतेच.

चिलखताची भीती मात्र सोडा. ती तिसऱ्या आवृत्तीची आहे: तेव्हा फुल प्लेट घातली की स्पेल फसण्याची शक्यता ३५ टक्के असायची. पाचव्या आवृत्तीत त्या चिलखताची प्रोफिशियन्सी असली की पुरे.

लेव्हल ७ ला हे सगळं कसं जुळतं ते बघा. चेन मेलचे १६, ढालीचे २, डिफेन्स स्टाइलचा १, असा एसी १९. लेव्हल ६ च्या वाढीने स्ट्रेंग्थ १८ झालेली. ॲक्शनमध्ये बूमिंग ब्लेड हे कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल): तलवारीचा वार लागला की वर १डी८ (आठ बाजूंचा एक फासा), आणि शत्रू आपणहून हलला तर आणखी २डी८. याच लेव्हलला मिळणाऱ्या वॉर मॅजिकमुळे कॅन्ट्रिपनंतर बोनस ॲक्शनवर आणखी एक वार. मग समोरच्या ओगर या राक्षसाची पाळी. त्याचा अटॅक +६, म्हणजे एसी १९ ला लागायला त्याला वीस बाजूंच्या फाशावर १३ हवेत. त्याने १५ टाकले, एकूण २१, लागला. डॅमेज टाकण्याआधी तुम्ही शील्ड म्हणता, एसी २४, वार हुकला. आता त्याला १८ हवेत. सरासरी १३ डॅमेज एका स्लॉटमध्ये वाचलं आणि तुमची ॲक्शन कुठेच गेली नाही. फक्त एक लक्षात ठेवा: त्याच फेरीत ऑपॉर्च्युनिटी अटॅक मारून बसला असाल तर रिॲक्शन संपलेली असते. या लेव्हलला स्लॉट सहाच, पहिल्या लेव्हलचे ४ आणि दुसऱ्याचे २, आणि ते लाँग रेस्टनंतरच (मोठ्या विश्रांतीनंतर) परत येतात. म्हणून एकूण २४ किंवा जास्त आली तर शील्ड टाकू नका, वार तरीही लागणारच.

लेव्हल ५ आणि ६ चा काळ अवघड असतो. लेव्हल ५ चा एक्स्ट्रा अटॅक (दुसरा वार) फक्त ‘अटॅक’ या ॲक्शनवर मिळतो, बूमिंग ब्लेड टाकलं तर दुसरा वार जातो. त्या दोन लेव्हल सरळ दोन वार करा. २०२४ च्या नियमांत एल्ड्रिच नाइटला लेव्हल ७ पासून दोनपैकी एका वाराच्या जागी कॅन्ट्रिप टाकता येतं आणि स्कूलचं बंधनही उठलंय.

मल्टिक्लास (एका कॅरेक्टरला दोन क्लास) करायचंच असेल तर समान वाटणी टाळा. फाइटर ३ आणि विझार्ड ३ असं केलं, की लेव्हल ६ ला बाकीच्या फाइटरकडे दोन वार असतात, विझार्डकडे फायरबॉल, आणि तुमच्याकडे दोन्ही नाही. सुरुवात फाइटरने करा, कारण जड चिलखत आणि कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह पहिल्या लेव्हललाच मिळतो, नंतर फाइटर घेऊन मिळत नाही. स्पेल मुख्य हवे असतील तर त्यापेक्षा विझार्डमधला ब्लेडसिंगर सरस: त्याला लेव्हल ६ ला एक्स्ट्रा अटॅक मिळतो आणि त्यातला एक वार कॅन्ट्रिपने बदलता येतो. हिट डाय (अंगात जीव किती हे ठरवणारा फासा) मात्र डी६, तेव्हा ओगरसमोर त्याला एकटा सोडू नका.