बरणीतलं पाणी

पीएचडीच्या पहिल्या पावसाळ्यात माझ्या हाती एकही बेडूक लागला नाही. बेडूक होते, पुण्यात पाषाणच्या बाजूला रात्रभर डराव डराव चालायचं. नव्हती ती परवानगी. वन खात्याची वेगळी, संस्थेच्या एथिक्स समितीची वेगळी. अर्जात मी 'सुमारे तीस' असं लिहून बसले होते. 'सुमारे' चालत नाही. नेमके किती, कुठून उचलणार, किती वेळाने कुठे सोडणार, सगळं लागतं. कागद परत फिरून येईतो गणपती आले. चूक माझीच, राग मात्र तेव्हा सगळ्या जगावर काढला.

मला हवा होता आपल्याकडचा तो मोठा बेडूक, होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. एरवी मातकट-हिरवा. दोन-चार दणकून पाऊस झाले की नर पिवळाधम्मक होतो आणि गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. पावसाची खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, तिथून पिट्युटरीला, तिथून वृषणांना, आणि टेस्टोस्टेरॉन चढतं. ते मला रक्त न काढता मोजायचं होतं. बेडकाच्या त्वचेतून आणि लघवीतून ही संप्रेरकं थोडी थोडी पाण्यात उतरतात. त्याला मोजक्या पाण्यात तासभर बसवायचं, मग होता तिथे सोडायचं, पाणी आपण घेऊन यायचं. हाताळल्यामुळे बेडूक घाबरतो आणि कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, तेव्हा तेही सोबत मोजायचं. नाहीतर आपण त्याचा विणीचा हंगाम मोजतोय की त्याला वाटणारी आपली भीती, कळायचं नाही.

एवढा बेडूक बीकरमध्ये मावेना. रविवार पेठेतून लोणच्याच्या काचेच्या बरण्या आणल्या. घरमालकीण काकूंनी त्या बघितल्या.

"काय गं, कैरीचा सीझन संपला की."

"बेडकांसाठी आहेत काकू. हार्मोन तपासायचेत."

काकूंना थायरॉइडचा त्रास, रक्त तपासणीचा कंटाळा. त्यांना मी १९३०च्या दशकातली गोष्ट सांगितली: बाईची लघवी आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकीला टोचायचे. बाई गरोदर असली तर त्यातल्या एचसीजी संप्रेरकाने बेडकी दुसऱ्या दिवशीपर्यंत अंडी घालायची. अनेक वर्षं गर्भ आहे की नाही हे असंच ठरत होतं. काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे पेढे आधी बेडकीलाच द्यायला हवे होते."

दुसऱ्या पावसाळ्यात पाणी मिळालं. गमबूट, हेडटॉर्च, गुडघाभर चिखल, आणि घड्याळाकडे बघत बरणीतल्या फुगलेल्या पिवळ्या चेहऱ्यासमोर बसणं. ते पाणी सी-१८ कॉलममधून गाळायचं, कॉलमला चिकटलेलं संप्रेरक मिथेनॉलने उतरवायचं, सुकवायचं, मग एलायझा, म्हणजे रंगाच्या गडद-फिकेपणावरून संप्रेरक मोजायची चाचणी. या एलायझात उलटं असतं: संप्रेरक जितकं जास्त, रंग तितका फिका.

पहिली प्लेट, म्हणजे नमुने घालायच्या खाचांची ताटली, यंत्रात वाचली आणि पोटात गोळा आला. बेडूक न ठेवलेल्या बरणीचं पाणी, म्हणजे ब्लँक, तेही बेडकांच्या पाण्याइतकंच फिकं! पाण्याला टेस्टोस्टेरॉन? दोन दिवस किटला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी वही उलटताना दिसलं: सरावाच्या रात्री याच बरणीत बेडूक बसवला होता आणि नंतर ती नुसती साबणाने धुतली होती. स्टेरॉइडं तेलकट, काचेला धरून राहतात, साबणाला दाद देत नाहीत. त्यांना इथेनॉल लागतं, मग डिस्टिल्ड पाण्याचे हात. हातमोजेसुद्धा दर बेडकाला नवे.

पुढचा जोराचा पाऊस यायला १२ दिवस लागले. तेवढ्यात बरण्या इतक्या वेळा धुतल्या की लॅबमधल्या मुलांनी मला 'भांडीवाली मावशी' म्हणायला सुरुवात केली.

या वेळी प्लेट रीडरमध्ये घालण्याआधीच दिसत होतं. ब्लँकच्या खाचा सगळ्यात गडद, हळदीसारख्या. सरांना फोन लावला.

"सर, ब्लँक कोरा आला!"

"बरं. आणि बेडूक?"

बेडूक मी अजून बघितलेच नव्हते.