दुसरं लग्न आणि सम्राटाचा मुकुट

दहाव्या शतकातल्या जर्मन राजाबद्दल, पहिल्या ओटोबद्दल, मी काहीही लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो: आडेलहाइडशी दुसरं लग्न झालं नसतं, तर तो सम्राट झाला असता का? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राजा तो ९३६ पासून होताच. इटलीवरचा आणि पर्यायानं रोममधल्या मुकुटावरचा त्याचा हक्क मात्र या लग्नानं भक्कम झाला. पण त्याची किंमत ओटोनं नाही, त्याच्या थोरल्या मुलानं मोजली असं मला वाटतं, आणि हा प्रश्न विचारताना त्या मुलाची आठवण कुणालाच येत नाही.

त्याची आई एडिथ, ओटोची पहिली बायको आणि इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाची नात. ओटोसाठी स्थळ बघायचं ठरलं तेव्हा तिचा सावत्र भाऊ, इंग्लंडचा राजा एथेलस्टन यानं दोन बहिणी पाठवल्या आणि पसंती ओटोवर सोडली. त्यानं एडिथला निवडलं आणि लग्नाची भेट म्हणून जर्मनीतलं माग्डेबुर्ग तिच्या नावे केलं. ९४६ मध्ये ती गेली, पस्तिशीच्या आसपास. माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमधली तिची शवपेटी रिकामी असावी असाच समज होता. २००८ मध्ये ती उघडली तर आत शिशाची पेटी आणि रेशमी कापडात गुंडाळलेली हाडं. ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी दातांचं एनॅमल तपासलं. लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण दातांत आयुष्यभर राहते, आणि ती खूण दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या प्रदेशाची निघाली.

एडिथ गेल्यावर ओटोनं मुलाला, लिउडोल्फला, वारस ठरवलं. सरदारांनी त्याच्या निष्ठेच्या शपथाही घेतल्या.

आणि मग आडेलहाइड. बर्गंडीची राजकन्या, इटलीच्या लोथार राजाची बायको. ९५० मध्ये लोथार अचानक वारला. विषप्रयोगाची कुजबुज झाली. गादी बळकावणाऱ्या बेरेंगारला ती आपल्या मुलासाठी, आडाल्बेर्टसाठी, हवी होती, कारण राजाच्या विधवेबरोबर राज्यावरचा हक्कही घरात येणार होता. तिनं नकार दिला. वय अवघं वीस. तिला गार्डा सरोवराकाठी कोंडलं, तिथून ती निसटली. गांडरशाइमच्या मठातली कवयित्री ह्रोट्सविता सांगते, की ती उभ्या पिकात लपली होती आणि बेरेंगार भाल्यानं ताटं बाजूला सारत तिला शोधत होता, तरी त्याला ती दिसली नाही. ह्रोट्सविताच्या मठाची प्रमुख ओटोची पुतणी होती, तेव्हा कथेत घरच्यांचं कौतुक असणारच. पण तो नकार खरा आहे, आणि म्हणूनच तिला ओटोला मिळालेलं आंदण समजणं मला पटत नाही. ९५१ मध्ये पाव्हियाला दोघांचं लग्न झालं.

पुढच्याच वर्षी तिला मुलगा झाला. लिउडोल्फनं काय ओळखलं असेल ते सांगायला नकोच. त्यात ज्या काकानं, हाइनरिशनं, एकेकाळी ओटोच्या खुनाचा कट केला होता, तोच आता या नव्या भावजयीच्या मर्जीतला झाला होता. ९५३ मध्ये लिउडोल्फ बंड करून उठला आणि त्याच्याबरोबर ओटोचा जावई कोनराडही. मायन्झ, रेगेन्सबुर्ग ही शहरं वेढ्यात सापडली, हंगेरीकडच्या मग्यार टोळ्यांनी तीच संधी साधली. शेवटी मुलगा बापापुढे अनवाणी येऊन जमिनीवर पडला. माफी मिळाली, सरदारकी गेली. ९५७ मध्ये तो इटलीत तापानं गेला. त्याआधी ९५५ मध्ये मग्यारांविरुद्धच्या लेखफेल्डच्या लढाईत कोनराड सासऱ्याच्याच बाजूनं लढला. उकाड्यानं चिलखताचे पट्टे सैल केले आणि बाण गळ्यात घुसून तो मेला.

२ फेब्रुवारी ९६२ ला रोममध्ये ओटो आणि आडेलहाइड, दोघांनाही मुकुट चढवला गेला. तेव्हा एडिथची दोन्ही मुलं हयात नव्हती. मुलगी लिउटगार्ड ९५३ मध्येच गेली होती, ऐन बंडाच्या वर्षी, नवरा कोनराड तिच्या वडिलांविरुद्ध उभा असताना.

पण आडेलहाइडचा नातू तिसरा ओटो १००२ मध्ये निपुत्रिक वारला. गादी ओटोविरुद्ध कट करणाऱ्या त्या हाइनरिशच्या नातवाकडे गेली. त्यालाही मूल नव्हतं. मग राजा म्हणून निवडला गेला दुसरा कोनराड, लिउटगार्डचा पणतू. १०२७ च्या ईस्टरला तो रोममध्ये सम्राट झाला, म्हणजे एडिथचा खापरपणतू.