४५ मेगाहर्ट्झसाठी पुण्याचे हेलपाटे

कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र आणि व्हिडिओचं जड काम सांभाळणारा भाग) बदलून मिळून दोन महिने झाले. एकदाही स्क्रीन काळी पडलेली नाही. तरी त्या सर्व्हिस सेंटरमधलं एक वाक्य आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून मोकळा होतोय.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. जुळे सोलापुरात घरातलीच एक खोली, एक कॉम्प्युटर, एडिटिंगसाठी दाविंची रिझॉल्व्ह. डिसेंबर २०२३ मध्ये नवी पेठेत आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलो. दुकानदाराने एकाच कंपनीचे दोन डबे पुढ्यात ठेवले. साधं २८,५००, ओसी (ओव्हरक्लॉक्ड, म्हणजे कंपनीनेच वेग वाढवलेलं) ३१,७००. फरक काय विचारलं तर म्हणाला, "ओसी घ्या की ओ मालक, कंपनीतनंच पळवून आणलंय." घेतलं. खोटं कशाला सांगू, डब्यावरची ती दोन अक्षरं मलाही आवडली होती.

हिशेब घरी येऊन केला, म्हणजे उलटा. कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, आतली चिप एनव्हिडियाची. तिने ४०६० साठी ठरवलेला बूस्ट क्लॉक, म्हणजे जोरात काम करतानाचा वेग, २४६० मेगाहर्ट्झ. माझ्या डब्यावर २५०५. पैसे ११ टक्के जादा आणि वेग दोन टक्केही नाही. त्यातही गंमत अशी की ही कार्डं डब्यावरच्या आकड्यावर थांबतच नाहीत. तापमान आणि वीज यांत जागा उरली की आपणहून वर चढतात. मित्राचं साधं कार्ड कामात २७०० च्या पुढे जायचं, माझं त्याहून थोडं वर. लग्नाची सहा मिनिटांची एकच हायलाइट दोघांनी एक्स्पोर्ट केली, म्हणजे तिची तयार फाइल काढली, तर मी नऊ सेकंद आधी. नऊ सेकंदांत चहा गाळूनसुद्धा होत नाही.

मार्चपर्यंत सगळं सुरळीत होतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि एक्स्पोर्ट अर्ध्यात आला की स्क्रीन काळी पडू लागली. दोन-तीन सेकंदांनी चित्र परत यायचं, पण रिझॉल्व्ह मेलेलं असायचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी तीच नोंद, ४१०१: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं, मग सावरला. ग्राफिक्स कार्ड दोन सेकंद गप्प राहिलं की विंडोज ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू करतं, त्याची ही खूण. ड्रायव्हर पुसून टाकले, जुने घातले, केबल बदलली. काही फरक नाही.

सोलापुरात या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही. दुकानदाराने हात वर केले आणि पुण्याचा पत्ता दिला. कुरिअर केलं. बारा दिवसांनी कार्ड परत आलं, वर चिठ्ठी: दोष आढळला नाही. लावलं, त्याच रात्री स्क्रीन काळी. पुन्हा कुरिअर. या वेळी पंधरा दिवस, चिठ्ठी तीच, वर फोनवर सल्ला, "तुमचा पॉवर सप्लाय तपासा." मित्राचा पॉवर सप्लाय दोन दिवस उसना आणून लावला. तरीही काळी. ऐन लग्नसराईत मी रात्री अकरानंतर मित्राच्या घरी बसून त्याच्या साध्या कार्डावर एक्स्पोर्ट करत होतो, आणि दिवसा नवरीचे वडील फोनवर विचारत होते, "झालं का ओ आमचं?"

वाट मित्रानेच दाखवली. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये वर 'हेल्प' आहे, त्यात 'डीबग मोड'. त्यावर टिचकी मारली की कार्डाच्या कंपनीने वाढवलेला वेग रद्द होऊन कार्ड एनव्हिडियाच्या मूळ आकड्यावर येतं. तो मोड चालू करून रात्रभर एक्स्पोर्ट लावले, एकही अडला नाही. बंद केला, वीस मिनिटांत काळी स्क्रीन. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. म्हणजे माझी चिप काठावरची होती. वाढवलेला वेग तिला गारव्यात झेपायचा, तापली की नाही. पुण्यात एसीखाली दहा मिनिटं चालवून त्यांना दोष कुठून दिसणार?

जूनमध्ये अख्खं कॅबिनेट चादरीत गुंडाळून पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. चादर आमच्याकडची असल्याने निदान पॅकिंगची काळजी नव्हती. मोबाईलवर व्हिडिओ तयार होता: तापमान, क्लॉक, घड्याळ आणि काळी होणारी स्क्रीन, सगळं एकाच फ्रेममध्ये. काउंटरवरच्या माणसाने तो पाहिला, डीबग मोडचं ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"मग त्या मोडमध्ये चालतंय ना? तसंच चालवा."

मी म्हणालो, "चालवतो. मग ३,२०० परत द्या. ते त्याच ४५ मेगाहर्ट्झचे घेतलेत तुम्ही."

तो आत गेला. अर्ध्या तासाने एक वयस्कर इंजिनिअर बाहेर आले. त्यांना एकच विनंती केली, कॅबिनेट बंद ठेवून, एसी नसलेल्या कोपऱ्यात, तासभर चालवा. चाळिसाव्या मिनिटाला त्यांच्यासमोर स्क्रीन गेली. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर बंद पडल्याचा आनंद झाला. नऊ दिवसांनी त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड हातात आलं.

आता कोणी ओसीबद्दल विचारलं तर मी आधी पंखे मोजायला सांगतो. जादा पैशांत जाड हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आणि कमी आवाज मिळत असेल तर आपल्या उन्हाळ्यात ते पैसे कारणी लागतात. फक्त कॅबिनेटची लांबी मोजून जा, तीन पंख्यांचं कार्ड सगळ्यांत बसत नाही. कार्डावरचा कूलर तोच आणि नुसता आकडा वाढलेला असेल तर एक रुपयाही देऊ नका. तेवढा वेग एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी सरकवून मिळतो. ते फुकट आहे आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. मी तर आता त्यातच व्होल्टेज थोडं उतरवून ठेवलंय. पंख्यांचा आवाज निम्मा झाला.

कुरिअर करणार असाल तर आधी कार्डाचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि कार्ड ज्यात येतं ती चंदेरी पिशवी जपून ठेवा. आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं: बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार टाळतो, गर्दी असली की जास्तच. मी त्या दिवशी हट्टाने लिहून घेतला होता. पुण्याहून तिन्ही वेळा पहिला प्रश्न तोच आला.