कानाला कांदा, अंगात जुना स्वेटर आणि "जर्मनीत राहून हे काय गं?"

लेकीचा कान दुखत होता म्हणून कांद्याची पुरचुंडी बांधून वर लोकरीची टोपी घातलेला तिचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून फोन थांबायला तयार नाहीत. "तिथे डॉक्टर नाहीत का?" "इन्शुरन्स आहे ना तुमचा?" एका आत्यांनी तर थेट विचारलं की जावईबापूंची नोकरी ठीक आहे ना. त्यात त्या फोटोत तिने घातलेला स्वेटर जुना, कोपरावर ठिगळ लावलेला, म्हणजे आगीत तेलच. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

तर पहिली गोष्ट, कांदा मला डॉक्टरांनीच सांगितला. इथे श्टुटगार्टजवळ आमच्या गावात मुलांच्या डॉक्टरबाई आहेत, रीतसर शिकलेल्या, दवाखान्यात सगळी यंत्रं. त्यांनी कानात बघितलं, पडदा लाल होता पण पू नव्हता, ताप थोडाच. म्हणाल्या, दुखलं तर वजनाप्रमाणे आयबुप्रोफेनचं सिरप द्या, अँटिबायोटिक आत्ता नको, दोन दिवस वाट बघू, ताप चढला, कान वाहायला लागला किंवा कानामागे सूज दिसली तर लगेच आणा. आणि मग अगदी सहज, जसं आपल्याकडे आजी सांगेल तसं, कांदा कसा बांधायचा ते सांगितलं. मी दोनदा विचारलं, कांदा म्हणजे आपला खायचाच ना? हो, तोच.

कृती सांगते, कारण आता सगळे विचारणारच. एक कांदा बारीक चिरायचा, पातळ सुती रुमालात नाहीतर धुतलेल्या सुती मोज्यात भरायचा, लाटण्याने हलकं ठेचायचं म्हणजे रस सुटतो. पातेल्यात पाणी उकळत ठेवून उलट्या झाकणावर ती पुरचुंडी कोमट करायची आणि आधी स्वतःच्या मनगटावर धरून बघायची, चटका बसता कामा नये. मग कानावर आणि कानामागच्या हाडावर येईल अशी ठेवून वर टोपी ओढायची. अर्धा तास. कानाच्या आत काहीही घालायचं नाही. आपल्याकडे लसूण घालून तापवलेलं तेल कानात सोडतात ना, ते मी विचारलं, त्याला त्यांनी साफ नाही म्हटलं, पडद्याला छिद्र असेल तर ते तेल आत जातं. घरभर वास सुटतो, उशी धुवावी लागते, पण पोर त्या उबेला शांत पडून राहते आणि झोप लागते. कांद्यानेच कान बरा होतो असं काही सिद्ध झालेलं नाही, हे डॉक्टरबाईंनीही सांगितलं. मुलांची बरीचशी कानदुखी दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते, तेवढे दिवस आराम पडावा म्हणून हा शेक. तिसऱ्या दिवशी लेक सोफ्यावर उड्या मारत होती.

तापाचंही तसंच. आपण कपाळावर घड्या ठेवतो, इथे पोटऱ्यांना गुंडाळतात, पाणी कोमट, अंगापेक्षा थोडंसंच गार, आणि पाय गरम असतील तरच. पाय गार पडले असतील, हुडहुडी भरली असेल तर अजिबात नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. हे सगळं इथे चालतं याचं कारण इथली माणसं आपल्यापेक्षा शहाणी आहेत असं नाही. कारण सुट्टी आहे. मूल आजारी पडलं की डॉक्टर एक कागद देतात, तो दाखवला की सरकारी विम्यात असलेल्या नोकरदार आई-बापांना घरी राहता येतं, मूल बारा वर्षांच्या आतलं असेल तर सध्या प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे वर्षाला १५ दिवस, आई किंवा बाप एकटाच असेल तर ३०, आणि बुडालेल्या पगाराचे साधारण ९० टक्के विमा कंपनी देते. ती रजा माझ्या स्वतःच्या रजेतून कापली जात नाही. सांगलीत माझी मैत्रीण शाळेत शिकवते, तिच्या मुलाला ताप आला की ती सकाळी सातला सिरप पाजून त्याला पाळणाघरात सोडते कारण दुसरा इलाजच नसतो, आणि डॉक्टरांना तीच सांगते, काहीतरी स्ट्राँग द्या, उद्या परीक्षेची सुपरव्हिजन आहे. मग ती चुकली का? मला नाही वाटत. कांदा बांधायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कोणीतरी द्यावा लागतो. आपल्याकडे पूर्वी तो आजी द्यायची. आता आजी एका शहरात, नातवंडं दुसऱ्या शहरात.

आपल्याकडे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दोन-चार गोळ्या कापून मिळतात, कायद्याने बरीच अँटिबायोटिक्स २०१४ पासून शेड्यूल एच-१ या औषधांच्या यादीत आहेत, दुकानदाराने चिठ्ठी बघून नोंद ठेवायची, तरी मिळतात हे तुम्हाला-मला माहितीय. इथे साधं पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, औषधाच्या दुकानातच जावं लागतं, आणि ५०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्यांपेक्षा मोठं पाकीट हवं तर डॉक्टरची चिठ्ठी लागते. सुपरमार्केटात काय मिळतं तर चहा. खोकल्याचा, झोपेचा, पोटाचा, बाळंतिणीचा. अख्खी भिंत चहाची.

आणि तिथेच माझा ऊर भरून येतो बरं का. लहान बाळांच्या पोटदुखीचा चहा उलटून बघा, बडीशेप, बडीशेपेसारखीच दिसणारी अनीस आणि शहाजिरं. खोकल्याचं सिरप थाइमच्या पानांचं, आणि थाइममध्ये जे थायमॉल असतं तेच आपल्या ओव्यात असतं. माझी आजी ओवा तव्यावर भाजून मलमलच्या फडक्यात बांधून छातीला शेकायची तेव्हा तिला थायमॉल कशाला माहीत असायला हवं होतं? इथे तेच नीट बाटलीत भरून, किती मिलीलीटर कोणत्या वयाला ते छापून, लहान मुलांना तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर विम्यातून मिळतं. बाळंतपणानंतर सुईणबाई घरी यायच्या (तोही खर्च विम्यात), त्यांनी छाती दगडासारखी झाली तेव्हा फ्रिजमधलं गार कोबीचं पान ठेवायला सांगितलं आणि नाहीतर क्वार्क, म्हणजे इथला चक्काच, आम्ही त्याचं श्रीखंड करतो. सासूबाई तेव्हा आल्या होत्या. त्यांनी आणलेले अळीव बघून सुईणबाईंनी वही काढली आणि खिरीची कृती लिहून घेतली. सासूबाईंना मराठी सोडून काही येत नाही, तरी दोघी स्वयंपाकघरात तासभर बसल्या होत्या.

सगळंच मात्र सुईणबाईंनी मान्य केलं नाही, आणि तेही सांगायला हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही म्हणजे नाही, बोट लावूनही नाही, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार होऊ शकतो. काजळ नको, शिशाच्या भीतीने. बाळगुटीतल्या वेखंडावरही त्यांनी मान हलवली, त्यात बीटा-असारोन नावाचं अपायकारक द्रव्य असतं आणि युरोपात खाण्यापिण्याच्या पदार्थांत त्यावर निर्बंध आहेत. सासूबाईंना वाईट वाटलं, तीन पिढ्या त्या सहाणेवर वाढल्या म्हणाल्या. मी गुटी दिली नाही. पण ती सहाण जपून ठेवलीय, त्यावर सुंठ उगाळते मोठ्या माणसांच्या डोकेदुखीसाठी.

आता स्वेटर. तो आणलाय आमच्या बालवाडीच्या बाजारातून, दीड युरोला, आणि मला त्याचा अभिमान आहे. हे बाजार वर्षातून दोनदा भरतात, वसंतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर, बालवाडीतले पालकच भरवतात. ज्याला कपडे विकायचेत त्याने आधी नंबर घ्यायचा, प्रत्येक कपड्यावर तो नंबर, साईज आणि किंमत लिहिलेलं लेबल लावायचं, आदल्या दिवशी नेऊन द्यायचं. पालक रात्री बसून सगळं साईजप्रमाणे टेबलांवर मांडतात, इथे साईज म्हणजे मुलाची सेंटीमीटरमधली उंची, ८६, ९२, ९८, १०४ अशी. सकाळी दार उघडतं, गरोदर बायकांना अर्धा तास आधी आत सोडतात म्हणजे धक्काबुक्की नको. मग बाकीच्या बायका, बाप्ये, आज्या, आणि काय माणसं असतात! बाहेर मोठमोठ्या गाड्या लावून आलेली, गाड्या बनवणाऱ्या कंपनीतले मोठे साहेब, शाळेतल्या बाई, आमच्या डॉक्टरबाईसुद्धा मला तिथे १०४ च्या टेबलावर पावसाळी पँट धुंडाळताना भेटल्या. कोणी तोंड लपवत नाही. "बघा, बर्फाचा सूट चार युरोला मिळाला" असं एकमेकांना दाखवतात. विक्रीतले १५-२० टक्के बालवाडीला जातात, शिवाय पालकांनी घरून करून आणलेल्या केकचे पैसे, त्यातून यंदा अंगणात नवी घसरगुंडी आली. लेकीला लहान झालेले कपडे मी तिथेच विकते, त्यातच पुढच्या साईजचे येतात. बर्फाचा नवा सूट साठ-सत्तर युरोला आणि मूल तो एक हिवाळा घालणार, कशाला?

आणि हे जर्मन लोकांनी शोधलं असं मला कोणी सांगू नये. बाळाला पहिलं झबलं जुन्या मऊ धोतराचं शिवायचं हे आपलंच ना? आईच्या लुगड्यांची वाकळ, दादाचा शर्ट धाकट्याला, मग धाकट्याचा चुलत भावाला, आणि अगदीच विटला की बोहारणीला, त्यावर स्टीलचा डबा. एका शर्टाने घरात किती वर्षं काढलेली असायची. माझ्या लहानपणी ही काटकसर होती आणि तिची लाज नव्हती. आता साताऱ्यात-सांगलीत पहिल्या वाढदिवसाला हॉल, थीम, आई-बाप-बाळ तिघांना मॅचिंग ड्रेस आणि तो ड्रेस पुन्हा घालायचा नाही कारण फोटोत आलाय. मी नाव कोणाचं घेत नाही, हौसेला मोल नाही हे मान्यच. पण मग माझ्या लेकीच्या ठिगळावरून जावईबापूंच्या नोकरीची चौकशी का? नोकरी उत्तम आहे. घराचं भाडं वेळेवर जातं, आई-बाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता आम्हीच भरतो, दरवर्षी तिघांची तिकिटं काढून येतो. ते पैसे कुठून येतात? स्वेटरमधून येतात, घरी लावलेल्या दह्यातून येतात, डब्यातून येतात.

हा भाग श्वाबियाचा, इथली माणसं अख्ख्या जर्मनीत काटकसरीसाठी ओळखली जातात, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला करमतं इथे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये घातली की परत मिळते, २००३ पासून आहे हे. घरात साफसफाईला व्हिनेगर, सोडा, सायट्रिक अ‍ॅसिड, बस. पाणी जड असल्याने किटलीत पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरने निघतो. बायो दुकानात कपडे धुवायला रिठे मिळतात, भारतातून आलेले, छोट्याशा कापडी पिशवीत. मी आईला सांगितलं, दारातल्या झाडाचे पुढच्या वेळी जपून ठेव.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. "आराम करा, पाणी प्या, चहा प्या" हे ऐकून कधीकधी डोकं फिरतं. नवऱ्याची पाठ धरली तेव्हा स्पेशालिस्टची तारीख काही महिन्यांनंतरची मिळाली, सांगलीत त्याच संध्याकाळी एक्स-रे काढून डॉक्टरांनी बघितलं असतं, आणि वर "घरी सगळे कसे आहेत" विचारलं असतं. रात्री-बेरात्री डॉक्टरांच्या हेल्पलाइनला, ११६११७ ला, फोन करायचा, लाईनवर थांबायचं. आपल्या गावच्या डॉक्टरांचं दार वाजवलं की लुंगीवर बाहेर यायचे, ते सुख इथे नाही.

उन्हाळ्यात वन्सं येतायत लेकराला घेऊन, त्या विचारतायत काय आणू. ओवा, सुंठ, अळीव, बाळंतशेप आणा. साजूक तूप, पेढे, खवा नको, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि जीव हळहळतो, तूप मी इथल्या लोण्याचं कढवते, छान रवाळ होतं. अँटिबायोटिक्सची पिशवी तर अजिबात नको. आणि जॅकेट, बूट, पावसाळी पँट विकत घेऊ नका, मार्चमध्ये बाजार आहे. पोराची उंची सेंटीमीटरमध्ये मोजून कळवा, बाकी मी बघते.